मोटारची खुर्ची विम्यातूनच हवी

विमा उपचारासाठी असतो, खुर्चीसाठी नाही, असं ठामपणे सांगणाऱ्यांना आधी छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरातल्या एखाद्या कामगाराची पगारपावती दाखवावी. एकवीस हजार पगारातून राज्य कामगार विम्यासाठी 0.75 टक्के, म्हणजे दरमहा साधारण 158 रुपये कापले जातात. मालक 3.25 टक्के भरतो. दोन्ही मिळून वर्षाला दहा हजारांवर रक्कम जाते. 1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने ही वसाहत वाढली. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडून आलेल्या पोरांनी इथे खोल्या घेतल्या, संसार मांडले आणि हा हप्ता न चुकता भरला. त्यातला एखादा शेडवरून खाली पडतो. एखाद्याला पाळी सुटल्यावर घरी येताना गाडी उडवते. कामगार विमा कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनंतर असा अपघातही कामावरचाच धरला जातो. मानेचा मणका मोडला की हातपाय लुळे पडू शकतात. अशा माणसाने विम्याकडे मोटारची, म्हणजे बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर मागितली तर ती भीक कशी?

मुळात खुर्ची हा उपचार नाही, हे म्हणणंच टिकत नाही. राज्य कामगार विम्याच्या वैद्यकीय सवलतींत कृत्रिम पाय, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र आहेत, आणि व्हीलचेअर, ट्रायसिकलही आहे. तत्त्व मान्य झालं आहे. अडतं ते मोटारपाशी. ज्याच्या दंडात बळ आहे त्याला हाताने ढकलायची खुर्ची मिळते, ते योग्यच. पण ज्याचे हातही गेले त्यालाही तीच दिली, तर त्याला मिळालं काय? तो चाकं फिरवू शकत नाही. इजा जितकी मोठी तितकी मदत निरुपयोगी, असा हा उलटा हिशेब आहे.

‘घरचे ढकलतील की’ असं यावर सहज सांगितलं जातं. घरचे म्हणजे बहुतेक वेळा बायको. बजाजनगरात नवराबायको दोघं कंपनीत जाणारी घरं कमी नाहीत. नवरा जायबंदी झाला की तिचंही काम सुटतं, एका अपघातात दोन पगार जातात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला विमा पगाराच्या 90 टक्के देतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण तिच्या सुटलेल्या पगाराचं काय? शिवाय दिवसभर एकाच अंगावर राहिलेल्याला जखमा होतात, त्या चिघळतात, पुन्हा दाखल करावं लागतं. बजाजनगरातून चिकलठाण्याच्या कामगार रुग्णालयात जायचं तर अख्खं शहर ओलांडायचं. तिथला खर्च विमा सोसतो. पाठ मागे कलती करून अंगावरचा भार हलवता येणारी मोटारची खुर्ची अशा जखमांचा धोका कमी करते, तिला मात्र पैसे नाहीत. हा काटकसरीचा कारभार म्हणता येणार नाही.

जे कामगार विम्याच्या कक्षेत नाहीत त्यांची गत आणखी कठीण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल असेपर्यंतचं. मणक्याची शस्त्रक्रिया बसते, त्यानंतरची चाळीस वर्षं बसत नाहीत. मग बोट दाखवलं जातं ते दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेकडे. तिची उपयुक्तता मी नाकारत नाही. 1981 पासून तिने असंख्य लोकांना साधनं पुरवली आहेत. पण तिच्या 2014 च्या नियमांत मोटारच्या खुर्चीला पंचवीस हजारांचं साहाय्य होतं, तेही दहा वर्षांतून एकदा. आयआयटी मद्रासमधून 2021 मध्ये आलेलं निओबोल्ट, म्हणजे साध्या खुर्चीला जोडायची मोटार, तीच 55 हजारांच्या आसपास होती. आणि तिला हातात बळ लागतं. पूर्ण खुर्ची त्याहून महाग. बॅटरीही दहा वर्षं टिकत नाही. साधनांच्या शिबिराची वाट पाहणं वेगळं आणि विम्याचा हक्क वेगळा.

रस्तेच धड नाहीत, खुर्ची फिरणार कुठे, हा आक्षेप मात्र मला लागतो, कारण त्यात तथ्य आहे. उंबरे, जिने, उघड्या गटारी आहेतच. पण म्हणून माणसाला खाटेवर ठेवायचं का? अमेरिकेतला मेडिकेअर हा सरकारी विमा वजावट वगळून अशा खुर्चीच्या मान्य खर्चाचा 80 टक्के भाग देतो, आणि त्याची अटच मुळी घरातल्या घरात वावरण्याच्या गरजेची आहे. अंथरुणातून मोरीपर्यंत, मोरीतून दारापर्यंत स्वतः जाता येणं हीच पहिली गरज. दाराबाहेरच्या उतारासाठी दिव्यांगांकरिता राखून ठेवायचा पाच टक्के निधी ग्रामपंचायतीकडे असतो. बजाजनगरकरांनी तो वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीकडे मागितला पाहिजे.

गैरवापराची भीती खरी असेल तर तिला उपाय आहे. विम्याचं वैद्यकीय मंडळ आजही कमाईची क्षमता किती गेली हे ठरवतंच. हाताची ताकद, बसण्याचा तोल, खोलीची रुंदी पाहून हेच मंडळ खुर्ची सुचवू शकतं. प्रत्येकाला मोटार लागत नाही, आणि नको त्याला देऊही नये. पण ज्याला ती लागते त्याच्या मागणीला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये प्राधान्याच्या पन्नास साहाय्यक साधनांची यादी केली, तीत मोटारच्या खुर्चीला जागा आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत साधनं आणि कामगार विम्याबाहेरच्या दिव्यांगांसाठी सर्वसमावेशक विमा, दोन्ही लिहिलेलं आहे.

कामावरच्या इजेने कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तरी वर्षाला 120 रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत कामगाराचा उपचाराचा हक्क चालू राहतो. याच हक्कात मोटारची खुर्ची, तिची दुरुस्ती आणि दर काही वर्षांनी नवी बॅटरी स्पष्ट शब्दांत यावी. वाळूजच्या कामगार संघटना मागणीपत्रात बोनस लिहितात, बस लिहितात. पुढच्या मागणीपत्रात हे कलम घालून त्यांनी ते मालकांबरोबरच राज्य कामगार विमा महामंडळाकडेही पाठवावं.