कुणाच्या आजीची भाकरी?

समाजमाध्यमांवर सध्या एक उपदेश जोरात चालू आहे. मैदा विष आहे, ब्रेड फेकून द्या, आजीच्या भाकरीकडे परत चला. उपदेश करणारी माणसे बहुधा अशा घरांतली असतात, जिथे भाकरी थापायला बाई येते. आमचा त्यांना साधा प्रश्न आहे : कुणाच्या आजीची भाकरी?

आमच्या पणज्यांच्या टोपलीत गावकीच्या कामाबद्दल दारोदार मिळालेले शिळे तुकडे असत. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले, ते याच 'पारंपरिक आहारा'बद्दल. तेव्हा परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आमच्यापुढे तरी जरा जपून बोलावे.

पावाचा इतिहास मात्र वेगळा आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी निघाली. तिचा सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे, कारण त्या काळी पाव खाणे म्हणजे जात बुडवणे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभाच मोडली. पाव गुपचूप खाल्ला, जात उघडपणे पाळली! तरीही पीठ कुणी मळले, भट्टीवर कोण होते, हे न विचारता खायचे अन्न म्हणून पाव या शहरांत रुजला, ही गोष्ट आम्ही हलकी मानत नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे ब्रेडला 'डबल' म्हणतात. उरलेल्या ब्रेडचे त्यांचे सायल डबल शेजारणीच्या हातचे आम्हीही आवडीने खाल्ले आहे.

आणि आज आमच्या वस्त्यांत ब्रेड का येतो, हेही उपदेशकांनी पाहावे. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी बाई, अंबरनाथच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी बाई, उल्हासनगरात जीन्सच्या नगावर मजुरी घेणारी बाई. पाण्याची वेळ सांभाळायची, मुलांना शाळेत धाडायचे. भाकरीला दळण लागते, गॅस लागतो आणि चुलीपुढे उभे राहायला अर्धा-पाऊण तास लागतो. हा वेळ तिला कोण देणार? घरातला पुरुष देतो का? (आमच्या कार्यकर्त्यांच्या घरांतही याचे उत्तर फारसे अभिमानाचे नाही.) ब्रेडचे पाकीट म्हणजे तिने विकत घेतलेला अर्धा तास आहे. त्याबद्दल तिला शरमिंदे करण्याचा अधिकार कुणाला नाही.

पण तिची बाजू घेतली म्हणजे ब्रेडची बाजू घेतली असे नव्हे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही मुलांना घरातली रिकामी पाकिटे आणायला सांगितली. पांढरा ब्रेड, 'ब्राऊन' ब्रेड, मिल्क ब्रेड, सगळी आली. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. 'ब्राऊन' म्हणून जास्त पैसे देऊन घेतलेल्या दोन पाकिटांवर पहिला शब्द मैदा हाच निघाला आणि यादीच्या शेवटी रंग १५० क, म्हणजे कॅरॅमल. एका मुलीने विचारले, "मग आईने जास्त पैसे रंगाचे दिले का?"

आता आकडे पाहू. साध्या ब्रेडच्या चार स्लाइस म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. त्यात साधारण २५० कॅलरी, सात-आठ ग्रॅम प्रथिने, दोन-तीन ग्रॅम तंतू आणि ४०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम. दिवसाची सोडियमची मर्यादा २००० मिलिग्रॅम धरली, तर जवळजवळ पावभाग न्याहारीतच संपला, आणि तोही खारट चव न लागता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम मैद्यात आणि १०० ग्रॅम बाजरीत प्रथिने जवळपास सारखीच, दहा-अकरा ग्रॅम आहेत. तेव्हा 'मैद्यात काहीच नसते' हेही खोटे. फरक आहे तो तंतूंत आणि लोहात. मैद्यात तंतू पावणेतीन ग्रॅम, बाजरीत साडेअकरा. मैद्यात लोह पावणेदोन मिलिग्रॅम, बाजरीत सहाच्या वर. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की हेच उरते.

हा फरक आमच्यासाठी किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात आपली न्याहारी म्हणजे चहा आणि ब्रेड. आधीच लोह कमी, आणि चहा त्यातलेही शोषू देत नाही. ब्रेड राहू द्या, पण चहा तासभर पुढे ढकला. ब्रेडबरोबर उकडलेले अंडे, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे घ्या, वर लिंबू पिळा. याला अर्धा तास लागत नाही.

व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या भीतीला बळी पडू नका. ब्रेडमध्ये पोटॅशियम ब्रोमेट वापरायला २०१६ साली बंदी आली, कारण दिल्लीच्या एका संस्थेने नमुने तपासून निकाल जाहीर केले. तपासणी झाली, पुरावा मांडला, नियम बदलला. लढाईचा रस्ता हाच आहे.

आमची खरी तक्रार पुढेच आहे. पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की कायदा संतुष्ट होतो. मराठी ऐच्छिक. उल्हासनगर ते बदलापूर ज्या बाया रोज हे पाकीट घेतात, त्यांच्यातल्या कितीजणी इंग्रजीतले बारीक टाइपातले 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' वाचून तो मैदा आहे हे ओळखतील? पुढच्या बाजूला मात्र गव्हाच्या ओंब्या, हिरवी शेते आणि मोठ्या अक्षरांत 'हेल्दी'. अक्षरांपासून दूर ठेवून लुटणे हे आपल्याला नवीन नाही. पूर्वी पोथी होती, आता पाकीट आहे.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. घटक आणि मीठ-साखरेचे प्रमाण पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. आणि रेशनवर ज्वारी-बाजरी नियमित द्या, शक्य तिथे दळून द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहेच. २०२३ साली भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, सरकारने त्याला 'श्रीअन्न' असे नावही दिले, पण आमच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच येतात.

पुढच्या रविवारी वर्गात येताना प्रत्येकाने बिस्किटांची आणि टोस्टची पाकिटे आणायची आहेत. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी आपल्या आईला, आत्याला, शेजारच्या मावशीला सोबत आणायचे आहे.

जयभीम.