पडद्याबाहेर राहिलेला रुग्ण

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एका तरतुदीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. रुग्ण स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याला सांभाळणारी व्यक्ती त्याच्या वतीने सल्ला घेऊ शकते. तिला तसा अधिकार आहे असेच गृहीत धरले जाते. उदाहरण म्हणून तिथे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) उल्लेख नावानिशी आहे.

कोविड साथीच्या काळात या तरतुदीने डिमेन्शियाचा रुग्ण असलेल्या असंख्य घरांना हात दिला. ओपीडी बंद, दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींना सोसायटीच्या फाटकातून प्रवेश नाही, सकाळचे फिरणे आणि देवळाचा कट्टा सुटलेला. दिवसाची घडीच विस्कटलेली माणसे संध्याकाळ झाली की दाराची कडी ओढत ‘मला घरी जायचंय’ म्हणू लागली. मास्कमुळे पोटची मुलगी ओळखू येईना. अशा वेळी डोनेपेझिल या डिमेन्शियावरच्या औषधाची चिठ्ठी फोनवर मिळणे आणि रडकुंडीला आलेल्या सुनेचे कोणीतरी शांतपणे ऐकून घेणे, ही खरी वैद्यकीय सेवाच होती. ती साथीबरोबर संपता कामा नये.

पण व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर नेमके काय दिसते? मोबाइल सुनेच्या हातात असतो. प्रश्न आपण आजोबांना विचारतो. ते तिच्या तोंडाकडे पाहतात आणि उत्तर मागून मुलगा देतो. वार विचारावा, तर समोरच्या भिंतीवर कॅलेंडर. ऐकू कमी येत असेल, तर विसर किती आणि बहिरेपणा किती, याचा अंदाजच लागत नाही. पहिले निदान एवढ्यावर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याहून मोठा धोका औषधांचा. ‘रात्रभर जागतात, अंगावर धावून येतात’ एवढ्या निरोपावर क्वेटिआपिनसारखे अँटिसायकोटिक औषध सुरू करणे किंवा वाढवणे फार सोपे झाले. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिला होता. शिवाय अचानक वाढलेला गोंधळ हा डिलिरियम, म्हणजे शारीरिक आजारातून आलेला संभ्रम, असू शकतो. कोविडमध्ये तर काही वृद्धांना ताप येण्याआधीच तो दिसला. त्यामागे असू शकणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, घसरलेले सोडियम, साधी बद्धकोष्ठता, यांतले काहीही व्हिडिओवर दिसत नाही. म्हणून डोस वाढवण्याआधी जवळच्या फॅमिली डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने एकदा रुग्णाला हात लावून तपासलेच पाहिजे. नाडी, ताप, पोट, लघवी. फार वेळ लागत नाही.

आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीशी स्वतंत्र फोनवर बोला. रुग्णासमोर ती ‘आता माझ्याने होत नाही’ असे म्हणणार नाही, आणि रुग्णाविषयी चारचौघांत जे बोलू नये ते त्याच्यादेखत तिला सांगायला लावणे बरे नव्हे.

सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णाला मात्र अजून बरेच कळत असते. केवळ निदानावरून निर्णयक्षमता नाकारायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जागा नाही. तेव्हा कॉल लागल्यावर आधी रुग्णालाच नावाने हाक मारा, उत्तराला वेळ द्या आणि रुग्ण स्वतः काय म्हणाला, हे केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहा. रुग्ण पडद्यावर नव्हता, तर तेही लिहा.