पोटरीची तक्रार

"पोटरी भरून येते" ही घरांतील वडील मंडळींची तक्रार वयाच्या खात्यावर मांडून आपण मोकळे होतों. आम्हींही दोन वर्षें तेंच केलें. देवळाच्या वाटेवर फलक वाचण्याच्या मिषानें थांबावें, वेदना शमली कीं पुढें चालावें, आणि रात्रीं वातास दोष देऊन तेल चोळावें, असा क्रम होता. आम्ही रोज त्याच ठिकाणीं थांबतों, हें ओळखलें तें सूनबाईंनीं. चालतां दुखणें व थांबतां शमणें हें पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचें लक्षण असूं शकतें. अडथळा मांडींत असल्यास पोटरी दुखते. पोटांतील महाधमनी जेथें दुभागते तेथें असल्यास कुल्ले व मांड्याही.

चिरंजीवांचा आग्रह, आजच्या आज सी.टी. काढावा. डॉक्टरांनीं मात्र आधीं जांघ, गुडघ्याची मागील बाजू व पाऊल येथील नाड्या बोटांनीं चांचपल्या, आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशीं ताडून पाहिला. हें प्रमाण ०.९ वा त्याहून कमी भरल्यास धमनीरोग मानतात, आमचें ०.६ भरलें. (मधुमेहांत धमन्या कठीण होऊन हा आंकडा फसवा चढतो, तेव्हां पायाच्या अंगठ्याचा दाब घेतात.)

चित्राची विद्या जुनी आहे. १९२९ सालीं लिस्बन येथें दोस सांतोस यांनीं पाठींतून लांब सुई थेट महाधमनींत घालून, आंत औषध सोडून, क्ष-किरणांनीं पोटाच्या व पायांच्या धमन्या दृश्य केल्या. १९५३ सालीं स्वीडनच्या सेल्डिंगर यांनीं तारेवरून धमनींत नळी सरकविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ती सुई मागें पडली. आतां बहुधा डॉपलर सोनोग्राफी प्रथम. तींत ना सुई, ना किरण. परंतु पोटांतील वायूनें महाधमनी झांकली जाते. सी.टी. अँजिओग्राफी तो भागही स्वच्छ दाखविते. तथापि तिचें आयोडिनयुक्त औषध दुर्बल मूत्रपिंडांस बाधूं शकतें, आणि धमनीच्या भिंतींत चुना फार सांचला असल्यास पोटरीच्या बारीक धमन्यांविषयीं अंदाज चुकतो.

डॉक्टर म्हणाले, "फुगा घालावयाचा कीं शस्त्रक्रिया करावयाची, हें ठरवितांना नकाशा हवा. तूर्त विडी सोडा, औषधें घ्या आणि तीन महिने नेमानें चाला." चिरंजीव रुसले. विडी सोडतांना आमचीही परीक्षा झाली.

मात्र निजल्यावरही पाऊल दुखूं लागलें, बोट काळवंडलें किंवा व्रण भरेना, तर चित्रास विलंब लावूं नये; आणि पाय एकाएकीं थंड व पांढरा पडल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. सूनबाईंनीं हें कागदावर लिहून देवघराच्या दाराशीं लाविलें आहे.