अंताल्याला जाणाऱ्या कागदावर भोईवाड्याचीही सही हवी

भोईवाडा, नायगाव, परळ, लालबागच्या रहिवाशांनो,

नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कस्तानातल्या अंताल्या शहरात संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरणार आहे. तिथे भारत काय मागणार, कशावर अडून बसणार आणि कुठे गप्प राहणार, हे दिल्लीत काही महिने आधीच ठरतं. आपल्याला बोलायचं असेल तर गणपतीच्या आधी बोलावं लागेल. एकदा मंडप उभे राहिले की या भागात दुसरं काही ऐकू येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

अंताल्याशी आपला काय संबंध? टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाहेरच्या फुटपाथवर तो रोज दिसतो. ताडपत्रीखाली दिवस काढणाऱ्या नातेवाइकांत मराठवाड्यातले, विदर्भातले शेतकरी असतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना नदीकाठी पिकांबरोबर मातीही खरवडून गेली. अशा घरातलं माणूस इथे उपचाराला असेल, तर तिकडे पंचनाम्याला हजर राहायचं की इकडे केमोच्या तारखेला? मे महिन्यातला उकाडा आणि जुलैतला पाऊस दोन्ही याच फुटपाथवर सोसायचे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तेही याच खिशातून. शेती, वाहतूक आणि माणसाचे हक्क हे तिन्ही विषय इथे एकाच माणसाच्या अंगावर येतात. परिषदेत मात्र तिन्हींची दालनं वेगळी, मसुदे वेगळे.

पैशाचा हिशेब बघा. हवामानामुळे झालेल्या हानीसाठी जगाने जो निधी उभारला, त्याला २०२३ च्या दुबई परिषदेत सुरुवातीला सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली. म्हणजे सहा हजार कोटी रुपयांच्या आसपास, तेही साऱ्या गरीब देशांना मिळून. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीसाठी जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं होतं. एका राज्याच्या एका मोसमाला जे लागलं, त्याच्या पाचव्या हिश्शात जगाची बोळवण! दुबईच्या पुढच्या वर्षी बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं कबूल केलं. भारताने तिथेच या आकड्याला विरोध नोंदवला, आणि तो रास्त होता.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं रायगड-रत्नागिरीत आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या, ते आठवा. मोडलेल्या पोफळीच्या जागी लावलेलं रोप फळायला वर्षानुवर्षं जातात. भरपाई ठरली ती हेक्टरी, आणि वाड्या मोजतात गुंठ्यांत. ओरड झाली तेव्हा कुठे झाडामागे मदतीची गोष्ट निघाली. आंतरराष्ट्रीय निधीचे निकषही असेच कुणीतरी टेबलावर ठरवणार आहे. वाडीवाल्याने आधी ओरडलेलं बरं.

वाहतुकीबद्दल आमचं मत जरा तिखट आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत वाहतुकीचा जो मोठा जाहीरनामा गाजला, तो कार आणि व्हॅनचा होता. केईएमची आया, शिवडीचा हमाल, कोर्टाच्या तारखेला आलेली बाई यांच्यापैकी कुणाकडे कार आहे? बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता त्या तीन हजारांच्या आत आल्या आहेत. महापालिकेच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के. तो कमी करायचा आणि त्याच वेळी बसगाड्या कमी होऊ द्यायच्या, हे गणित कुठल्या शाळेतलं?

आता हक्कांचं. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या सरकारांना साकडं घातलं, की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या. वनुआतू या देशाने ते उचललं. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एफ दक्षिण वॉर्डाएवढीच, साडेतीन लाखांच्या आतबाहेर. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला होता. पण हेगच्या सुनावणीत भारताची भूमिका होती की सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधनं नकोत. श्रीमंतांकडे बोट दाखवलं ते योग्यच. पण ताडपत्रीखालच्या माणसाचा हक्क मसुद्यात लिहायला आपल्या सरकारने का कचरावं?

आपल्या वतीने बोलायला कुणी नसलं की काय होतं, याचा इतिहास याच परिसरात आहे. मुंबईतल्या प्लेगने हादरून १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने मुख्यतः ठरवलं ते युरोपपर्यंत प्लेग पोचू नये म्हणून जहाजं आणि यात्रेकरू कसे अडवायचे ते. इथल्या चाळीतला गिरणी कामगार कसा जगेल, हे कुणी विचारलं नाही, कारण त्याच्या वतीने बोलायला तिथे कुणी नव्हतं. त्याच प्लेगवर लस काढणाऱ्या हाफकिनच्या नावाची संस्था आजही परळमध्ये आहे.

म्हणून पत्रं लिहा. मराठीत लिहा, हाताने लिहिलेली चालतील. एक आपल्या खासदारांना, एक पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाला: इंदिरा पर्यावरण भवन, जोर बाग, नवी दिल्ली. मागण्या तीनच ठेवा. हानीच्या निधीतून शेतकरी-बागायतदाराला थेट मदत मिळावी आणि ती कर्ज नसावी. हवामानाच्या पैशावर पहिला हक्क बस आणि रेल्वेचा असावा. उघड्यावर काम करणाऱ्या आणि उघड्यावर राहावं लागणाऱ्या माणसांचं उन्हापावसापासून संरक्षण, हा हक्क म्हणून मसुद्यात यावा.

मंडळांनी आणि चाळ कमिट्यांनी सह्यांसाठी संध्याकाळी दोन तास टेबल मांडावं. गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडायला लावावा आणि त्याची प्रत पत्राला जोडावी. वॉर्ड ऑफिसलाही एक प्रत द्या आणि पोच घ्या. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांविना काढल्यावर आता निवडून आलेली माणसं आहेत, तेव्हा त्यांनाही विचारा, फुटपाथवरच्या पेशंटसाठी या पावसाळ्याआधी निवारा कुठे होणार आहे.