हाड जुळते, खर्च जुळत नाही

घोटा मोडून शस्त्रक्रिया झालेला रुग्ण भेटायला येणाऱ्यांना एवढेच सांगतो, ‘स्क्रू टाकलेत.’ ते पुढे काढावे लागले, तर पुन्हा भूल, पुन्हा टाके आणि पुन्हा घरी बसणे. नोकरदाराला रजा मिळते. ऊसतोड मजुराची चूल थंडावते. प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या शरीरातील धातू काढावाच लागतो असे नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत मात्र तो बहुधा काढला जातो. ही दुसरी शस्त्रक्रिया टाळणारे साहित्य जगात चाळीस वर्षांपासून आहे. आपल्या सामान्य रुग्णाच्या वाट्याला ते क्वचितच येते.

१९८४ मध्ये हेलसिंकी येथे पेंटी रोक्कानेन या शल्यचिकित्सकाने घोट्याच्या अस्थिभंगात विरघळणाऱ्या पॉलिमरची सळई वापरली. पदार्थविज्ञानाची बाजू पेर्टी टोर्माला यांनी सांभाळली होती. कल्पना टाक्यांच्या दोऱ्यावरून आलेली. आपोआप विरघळणारा पॉलिग्लायकोलिक आम्लाचा दोरा त्याआधीच शस्त्रक्रियागृहात रुळला होता. पॉलिलॅक्टिक आम्लाची सळई शरीरातील पाण्याने हळूहळू तुटते. तिच्यातून सुटणारे लॅक्टिक आम्ल धावताना आपल्या स्नायूंतही तयार होत असते; शरीर त्याचे अखेर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते. धातूची ताठ पट्टी भार स्वतःच पेलते, त्यामुळे तिच्याखालचे हाड दुबळे होऊ शकते. पॉलिमर मात्र झिजता झिजता भार पुन्हा हाडाकडे सोपवतो.

हे सारे साधले ते ठेचा खातच. पॉलिग्लायकोलिक आम्ल फार लवकर विरघळे. काही रुग्णांत जंतुसंसर्ग नसतानाही सूज येऊन जखमेतून स्राव होई. पॉलिलॅक्टिक आम्ल उलट काही वर्षे रेंगाळे. म्हणून पुढे दोहोंची मिश्रणे आली. मांडीच्या हाडाचा भार मात्र आजही पोलादाने किंवा टायटॅनियमनेच पेलावा. घोटा, हाताची लहान हाडे, चेहरा आणि मुलांची कवटी हे या साहित्याचे खरे क्षेत्र होय.

आतड्याचे छिद्र सांधताना काळ्या मुंग्यांचा चावा घडवून त्यांची डोकी तशीच आत ठेवावीत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. शरीरात राहू शकेल अशा सांधणीचा विचार येथे नवा नाही. मात्र तेवढ्या अभिमानावर आयातीचे देयक चुकते होत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत आपले परावलंबित्व सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात सांगितले जाते.

मार्ग नाही असे नव्हे. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची कृत्रिम झडप घडवली. आधीचे तीन नमुने अपयशी ठरले. चौथा डिसेंबर १९९० मध्ये रुग्णाच्या हृदयात बसला आणि परदेशी झडपेपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळू लागला. अपयशाची तीन पाने पुसून न टाकता चौथे लिहू देणारी संस्था त्यामागे होती, हे विसरता कामा नये. पॉलिलॅक्टिक आम्लाचा कच्चा माल तर उसाच्या साखरेपासूनही आंबवून काढता येतो. उत्तर प्रदेशातील बलरामपूर चिनी मिल्सने २०२४ मध्ये तसा मोठा प्रकल्प जाहीर केला. पण तो मुख्यतः प्लॅस्टिकला पर्याय म्हणून. शरीरात घालायच्या प्रतीची शुद्धता ही निराळी विद्या आहे. महाराष्ट्रातील साखर कारखानदारीने आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांनी ती एकत्र हाती घ्यायला काय हरकत आहे?

किमतीवर शासनाची मात्रा चालते, हे ऑगस्ट २०१७ मध्ये दिसले. दीड लाखाहून अधिक सरासरी छापील किमतीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा करांखेरीज ५४,७२० रुपयांच्या मर्यादेत आणला गेला. विरघळणाऱ्या सळईसाठी निव्वळ किमतीची कमाल मर्यादा पुरणार नाही. सरकारी आरोग्य योजनांचे दर ठरवताना वाचलेली दुसरी शस्त्रक्रिया, तिची भूल आणि बुडालेली मजुरी यांचाही हिशेब धरावा. तसा तो धरला, तर आज महाग वाटणारा स्क्रू पुष्कळ मुलांच्या बाबतीत तरी स्वस्त ठरेल.