सुरक्षित गाडी, पण कोणासाठी?

खांदेश्वरच्या शेजारी कळंबोलीला एक्स्प्रेसवे सुरू होतो. कारला मर्यादा ताशी 100. तरी आपली पोरं 250च्या रील्स फिरवतात, वर सांगतात, ‘स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक भारी, काही होत नाही.’ कोणाला होत नाही? 19 मे 2024, पुण्याचं कल्याणीनगर. पोर्शे चालवणारा 17 वर्षांचा मुलगा वाचला. बाइकवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. एअरबॅग आतल्यांसाठी असते, दोस्तांनो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट, आणि ती सोसायची बाहेरच्याने. आपण बहुतेक बाइकवरचेच. जामिनाची अट काय, तर 300 शब्दांचा निबंध! अल्पवयीनाला गाडी देणाऱ्या पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद 2019च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. ती बंगलेवाल्यांनाही लावा.