बाण कोणाचा?

परवा रविवारी जेवताना भाच्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. आफ्रिकेतलं माळरान, पायाशी पडलेला कुडू, शेजारी बंदूक घेऊन हसणारा पाहुणा. "मामा, शिकार म्हणजे असंच ना?"

म्हटलं, नाही रे बाबा. कलाहारीतल्या सान लोकांची शिकार ऐक.

त्यांचा बाण इतका हलका की त्याने हरीण मरतच नाही. मारतं ते विष. एका भुंग्याच्या अळ्या झुडपाखालची माती उकरून काढायच्या आणि त्यांचा रस बाणाला लावायचा. तोही टोकाला नाही, टोकाच्या मागे, म्हणजे चुकून बोचलं तरी शिकारी वाचतो. बाण लागला की पळापळ नाही. मोठं जनावर पडायला कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. मंडळी घरी येतात, झोपतात आणि दुसऱ्या दिवशी माग काढतात. शेकडो खुरांतून आपलंच जनावर ओळखायचं, तेही वाळूत! मला तर सोसायटीत स्वतःची स्कूटर सापडत नाही.

पण मला खरी आवडली ती वाटणी. त्यांच्यातल्या जुहोआन्सी लोकांत मांस मारणाऱ्याचं नसतं, ज्याचा बाण त्याचं. बाण एकमेकांना दिलेले असतात, त्यामुळे वाटणीचा मान घरी बसलेल्या म्हाताऱ्याला किंवा एखाद्या बाईलाही मिळतो. आणि शिकाऱ्याने फुशारकी मारली तर संपलंच. "एवढ्याशा हाडकांसाठी आम्हाला एवढं लांब आणलंस?" असं सगळे ऐकवतात. रिचर्ड ली नावाच्या अभ्यासकाने साठच्या दशकात नाताळला त्यांना चांगला धष्टपुष्ट बैल दिला, तर त्यालाही हाच प्रसाद मिळाला. बिचारा आधी खराच हिरमुसला होता.

आता राग येतो ते सांगतो. बोत्सवानात कलाहारीच्या राखीव क्षेत्रातून या लोकांना हुसकावलं. २००६ साली ते कोर्टात जिंकले. शिकारीचे परवाने नाकारणंही बेकायदा ठरलं. मग २०१४ मध्ये सरकारने शिकारबंदी आणली, पण खासगी शिकार-फार्म तिच्यातून वगळले. म्हणजे पैसेवाल्या पाहुण्याचा फोटो चालू आणि ज्यांचं ते पोट, त्यांचा बाण बंद. बंदी उठली २०१९ मध्ये.

भाचा ऐकत होता असं मला वाटलं. तेवढ्यात आईने मटणाचं पातेलं आणलं आणि नळी कोणाला यावरून त्याचं नि ताईचं जुंपलं. आजी म्हणाली, "मटण माझ्या पेन्शनचं आहे. इकडे द्या."